चरोद्याहून सेक्टरात गेलेली बाटली

मधुकर देशकरने सुखदेव मेश्रामला फसवलं, आणि त्यासाठी माझी जीभ वापरली.

मधुकर भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हन विभागात अधिकारी आहे. सुखदेव चरोद्याच्या रेल्वे यार्डात मालगाड्यांचे डबे तपासतो. मी नागपूरला इतवारीत चहाचा घाऊक व्यापार करतो. तीस वर्षांपूर्वी आम्ही तिघे महालात एका खोलीत राहायचो, एका स्टोव्हवर भात शिजवायचो आणि एकच बरा शर्ट आळीपाळीने घालून नोकरीच्या मुलाखतींना जायचो. त्या दोघांना नोकऱ्या मिळाल्या. मला नाही मिळाली, म्हणून मी चहाच्या पेट्या उचलायला लागलो आणि पुढे त्या विकायला लागलो.

गेल्या डिसेंबरात मी पाच दिवस भिलाईला जाऊन आलो. नागपुरातल्या ज्यांनी भिलाई पाहिली नाही, त्यांना गाव कसं आहे ते सांगेन, खाणंपिणंही सांगेन. पण पहिलं वाक्य आधी वाचावं आणि शेवटपर्यंत डोक्यात ठेवावं.

गुरुवार, चरोदा

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. गोंदियापर्यंत आपलं राज्य, आपली भाषा. पुढे जंगल लागतं. डोंगरगडच्या टेकडीवरचं देऊळ खिडकीतून दिसलं की डब्यातल्या बाया हात जोडतात, आणि तिथून पुढे कानावर मराठी पडेनाशी होते. दुर्ग सोडलं की उजव्या हाताला कारखाना सुरू होतो आणि संपतच नाही. चिमण्यांतून तीन रंगांचा धूर निघतो: पांढरा, काळा आणि एक विटकरी. रुळांलगतच्या झाडांच्या पानांवरही तोच विटकरी रंग बसलेला. माझ्या समोर बसलेल्या बाईने स्टेशन यायच्या आधीच पोराच्या डोक्याला रुमाल बांधला. मी विचारलं तर म्हणाली, धुतलेलं डोकं एका तासात लाल होतं.

चरोद्याला सुखदेव सायकल घेऊन उभा होता. केस पांढरे झालेले, बाकी तसाच काटक. माझी बॅग त्याने कॅरिअरला बांधली आणि हसत म्हणाला, "शेठ झाला बे तू. बॅगेलेही कव्हर घालून राहिला."

रेल्वे कॉलनीतल्या त्याच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड आणि पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर. शांतावहिनींनी जेवायला वडाभात केला होता, आपल्याकडच्यासारखाच, वर हिंग-मिरचीचं कडकडीत तेल. सोबत मात्र एक इकडचा पदार्थ होता, फरा. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळकट्या वाफवायच्या आणि तीळ-मिरचीच्या फोडणीत परतायच्या. आपण नागपूरकर जे दिसेल ते तळतो. इथली माणसं वाफवतात. मी पंधरा खाल्ले. वहिनी म्हणाल्या, शेजारच्या छत्तीसगडी बाईकडून शिकले, आणि तिला मी सांडगे शिकवले.

शुक्रवार, यार्ड

दुसऱ्या दिवशी सुखदेवने मला यार्ड दाखवलं. लोकांना वाटतं रेल्वे म्हणजे स्टेशन. खरी रेल्वे इथे आहे. पाहावं तिथपर्यंत रूळ, आणि रुळांवर हजारो डबे उभे: कुठे कोळसा, कुठे खनिज, कुठे लोखंडी पत्रे. सुखदेव हातात लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या कडेने चालतो आणि प्रत्येक चाकावर एक ठोका मारतो. चाक चांगलं असेल तर स्वच्छ टणकार येतो. तडा असेल तर आवाज बसका येतो. तो कान देतो, पुढे जातो. अठ्ठावीस वर्षं हेच काम.

यार्डाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. मी सवयीने पहिला घोट जोरात ओढून तोंडभर फिरवला आणि टपरीवाल्याला सांगितलं की तुझी पत्ती दोनदा उकळलेली आहे. तो छत्तीसगडी म्हातारा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "नई सुहाय त झन पी, भइया." आवडत नसेल तर पिऊ नको. सुखदेव इतका हसला की त्याच्या कपातला चहा सांडला.

इथे माझ्या धंद्याची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मी ज्या शेठजींकडे पेट्या उचलत होतो, त्यांनी मला चव घ्यायला शिकवलं. नमुना तोंडात घेतला की पहिल्या घोटावर निकाल द्यायचा, मोठ्याने, माल आणणाऱ्याच्या तोंडावर. दिलेला निकाल फिरवायचा नाही. फिरवला की बाजारात तुमच्या जिभेला कोणी विचारत नाही. आणि चहातला सगळ्यात मोठा दोष म्हणजे धूर. पानं वाळवायच्या यंत्रात भट्टीचा धूर शिरला की चहाला धुरकट वास लागतो. असा चहा कितीही उंची बागेचा असो, मी पेटी न उघडता परत पाठवतो. या एका गोष्टीवर मी पंचवीस वर्षं पोट भरलं आहे.

दुपारी घरी आल्यावर सुखदेवने पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. तळाशी जुन्या लोकरी बनियनमध्ये गुंडाळलेली एक बाटली होती. विलायती व्हिस्की, स्कॉटलंडची, एकाच भट्टीत गाळलेली, असं वरच्या कागदावर इंग्रजीत लिहिलेलं. रंग गडद, कोऱ्या चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखा तांबूस.

ही त्याच्याकडे कशी आली, तेही त्यानेच सांगितलं. डिकॉस्टा नावाचे एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर होते. एकदा त्यांच्या गाडीचं एक चाक सुखदेवला ऐकूनच खटकलं. त्याने गाडी अडवली, वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या, आणि डबा काढून पाहिला तर चाकाला आरपार तडा. पुढे डिकॉस्टा निवृत्त होऊन मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले. जाताना जहाजावर नोकरी करणाऱ्या मेहुण्याने आणलेली ही बाटली त्यांनी सुखदेवला दिली आणि म्हणाले, ही कोणा चव कळणाऱ्याबरोबर उघड.

सुखदेव दारू पीत नाही. कधीच प्यायला नाही. बाटली सहा वर्षं ट्रंकेत होती.

"चव कळनारा मले एकच माहीत हाये," तो म्हणाला. "म्हनून तुह्यासाठीच ठेवली."

मी म्हटलं, मग आत्ताच उघडू. तो म्हणाला, नाही, मधुकरही पाहिजे. तिघं बसू. उद्या त्याच्याकडे जेवायला बोलावलंय, तिथेच घेऊन जाऊ.

शनिवार, कॅम्प-१ आणि सेक्टर

सकाळी कॅम्प-१च्या बाजारात गेलो. कारखाना बांधला जात असताना जे मजूर आले, त्यांची ही जुनी वस्ती. एका गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत पंजाबी, मग ओडिया, मग आपले भंडारा-बालाघाटकडचे. भाजीवाली चार भाषांत भाव सांगते आणि पाचव्या भाषेत शिवी देते. मी बायकोसाठी इकडच्या कोशाच्या रेशमाची साडी घेतली. दुकानदार सिंधी होता. आपल्याकडे इतवारीत आधी बसायचं, पाणी प्यायचं, मग भावाला सुरुवात होते. हा उभ्यानेच बोलत होता. मी तीनदा दुकानाच्या पायऱ्या उतरलो आणि तिसऱ्यांदा त्यानेच हात धरून वर घेतलं. शेवटी म्हणाला, साहेब, तुम्ही व्यापारी आहात, आधीच सांगायचं ना, दोघांचा वेळ वाचला असता. असं जिंकायला कोणालाही आवडतं.

सिव्हिक सेंटरला इडली खाल्ली आणि तिथून मधुकरच्या सेक्टरात गेलो. कारखान्याची टाऊनशिप हा वेगळाच देश आहे, सेक्टरांत वाटलेला. रुंद सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, सारखी घरं, प्रत्येक घरापुढे बाग. शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजला की शेकडो सायकली एकदम रस्त्यावर येतात आणि पंधरा मिनिटांत रस्ता पुन्हा रिकामा. आपल्या नागपूरच्या गल्लीत इतकी शांतता फक्त कोणी गेल्यावर असते.

मधुकर फाटकापर्यंत आला. गळाभेट झाली. तो पाच वर्षांपूर्वी कारखान्यातर्फे सहा महिने स्कॉटलंडला प्रशिक्षणाला जाऊन आला आहे, हे दहा मिनिटांत तीनदा कळलं. नलिनीवहिनींनी कोथिंबीर भरून सांबारवड्या केल्या होत्या. शेजारचे पिल्लै आले होते. त्यांची बायको कारखान्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून क्वार्टर इथे, आणि ते स्वतः चरोद्याच्या यार्ड ऑफिसात हेडक्लार्क. म्हणजे सुखदेवच्याच ऑफिसात. हेही लक्षात ठेवावं.

दुपारचे दोन वाजले होते. सुखदेवने बाटली बनियनमधून काढून मधुकरच्या हातात दिली. मधुकरने वरचा कागद वाचला. तेव्हा त्याचा चेहरा कसा खुलला ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी लागला.

बूच उघडताना तुटलं. सहा उन्हाळे ट्रंकेत राहून ते ठिसूळ झालं होतं. अर्धं हातात आलं, अर्ध्याचा भुगा बाटलीत पडला. नलिनीवहिनींनी चहाच्या गाळणीने पेल्यांत ओतलं. पहिला पेला माझ्या हातात आला आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मी चहासारखाच घोट ओढला. आणि नाकात एकदम डांबर गेलं. जळकं लाकूड, दवाखान्यातलं टिंक्चर, ओली राख. त्याच्या मागून काहीतरी गोड येत होतं, पण मी त्याच्यापर्यंत पोचलोच नाही. धूर म्हणजे दोष, एवढंच माझ्या जिभेला माहीत. मी उठलो, वॉशबेसिनमध्ये थुंकलो आणि म्हणालो, हा माल खराब आहे.

मधुकरने हळूच एक घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला. मग म्हणाला, "हा तर आमच्या कोक ओव्हनचा वास, बे. फिनॉल. कोळशाचं पाणी."

भिलाईत राहणाऱ्या माणसाला हे पटकन पटतं. कोक ओव्हनमध्ये कोळसा भाजून जो वायू निघतो, त्यातून डांबर वेगळं करतात, आणि वारा फिरला की त्याचा वास सगळ्या सेक्टरांवर पसरतो. मी दोन दिवस तोच वास घेत होतो. आता तोच पेल्यात होता.

सुखदेव घाबरून म्हणाला, "ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या. त्याचा तर नसन?"

"बंद बाटलीत डांबरगोळी कशी शिरेल?" मधुकर म्हणाला आणि तुटलेल्या बुचाकडे पाहिलं. "हे बूच आधीच उघडलेलं दिसतंय. यार्डात काय, सगळंच होतं." मग पिल्लैंकडे पाहून हसला.

बस, एवढंच तो बोलला. पुढचं मी बोललो. मला राग पटकन येतो, आणि माझ्यासमोर खोटा माल ठेवला की तो आवरत नाही. मी सुखदेवला म्हणालो, बाटली खरी आहे, माल भरलेला आहे. आतलं कोणी प्यायलं आणि वर हे काळं पाणी कोणी भरलं? कोणत्या डब्यातून काढलीस ही? डिकॉस्टाची गोष्ट कशाला सांगितलीस?

पिल्लैंनी पेला खाली ठेवला.

सुखदेव उभा राहिला. "मी दारू पीत नाही, वासू. तुले माहीत हाये," तो म्हणाला. "मग मी कायले फोडू?"

हे ऐकूनही मी गप्प बसलो नाही. निकाल दिला होता. तो फिरवायचा नाही, एवढंच डोक्यात. मी म्हटलं, तू पीत नसशील, पण विकत तर असशील.

तो बाहेर गेला. सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. नलिनीवहिनी दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मधुकर बाटली उचलून म्हणाला, जाऊ दे, मी ही ओतून टाकतो. आणि ती घेऊन आत गेला.

मी त्या रात्री मधुकरकडे राहिलो. सकाळी उठून पाहतो तो व्हरांड्यात माझी बॅग. सुखदेव पहाटे येऊन ठेवून गेला होता. माझे कपडे धुऊन घड्या घातलेले, आणि वर एक डबा. शांतावहिनींनी वाटेत खायला ठेठरी दिली होती, बेसनाच्या तळलेल्या जाड कड्या. भांडण झालं म्हणून डबा द्यायचा थांबला नाही.

रविवार, शिवनाथच्या वाटेवर

मधुकर म्हणाला, आज साहेब जेवायला येणार आहेत, ऑफिसची बोलणी आहेत, तुला कंटाळा येईल. माझी स्कूटर घे आणि दुर्गला शिवनाथ नदी पाहून ये. नदी छान आहे, असं ऐकून आहे. मला ती पाहायला मिळाली नाही. चार मैलांवर स्कूटरचं मागचं चाक बसलं. रविवार असल्याने पंक्चरवाला बंद. ओळख ना पाळख अशा एका सरदारजीने ट्रकमध्ये स्कूटर चढवून मला सेक्टरच्या तोंडाशी आणून सोडलं, वर पैसे घेतले नाहीत. नागपुरात आम्ही आधी माणूस कोणाचा कोण ते विचारतो.

मी फाटक उघडलं तेव्हा साडेबारा झाले होते. खिडकी उघडी होती. मधुकरचा आवाज येत होता, हिंदीत, मास्तरासारखा.

"सर, ये जो धुआँ है ना, ये जान-बूझकर देते हैं। जौ को भिगोकर अंकुर निकालते हैं, फिर पीट की आग पर सुखाते हैं। पीट मतलब दलदल की मिट्टी। और पीछे जो मिठास है, वो पीपे की है। स्पेन की शेरी शराब जिसमें रखी थी, उसी पीपे में बरसों रखते हैं। स्कॉटलैंड से लाया था, सर। आपके लिए सँभालकर रखी थी।"

मी आत गेलो. टेबलावर तीच बाटली. आता तिला रबरी बूच लावलेलं.

मधुकर मला आत न्यायला उठला. पण साहेब भला माणूस होता, बंगाली, पांढऱ्या भुवयांचा. त्याने मला बसवलं आणि स्वतःच्या हाताने एक पेला भरून दिला.

मी तो प्यायलो. आता सांगतो, ती व्हिस्की कशी होती. धूर आधी येतो, तो येणारच. पण तो कारखान्याचा नाही. हुरड्याच्या आगटीचा आहे, कणसं राखेतून बाहेर काढतानाचा, बोटं काळी होतात तेव्हाचा. वांगं विस्तवावर भाजून साल सोलताना हाताला जो वास राहतो, तो. धूर विरतो तसा खाली काळ्या मनुका लागतात, खजूर, सुकं अंजीर, जुना काळा गूळ, आणि अगदी शेवटी नागपुरी संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा कडवटपणा. गिळल्यावर छातीत ऊब उतरते, आणि पाच मिनिटांनी जिभेवर पुन्हा धूर येतो, थोडा खारट. मी हजारो चहा चाखले. असं एका घोटात एवढं काही मला कधी मिळालं नाही. तिकडेही चहाच्या पानासारखंच धान्य वाळवतात, तिथेही भट्टीचा धूर शिरतो. पण तो आपण होऊन घेतलेला असतो. जो दोष म्हणून मी पंचवीस वर्षं माल परत पाठवला, तीच इथे कारागिरी. सहा वर्षं ही माझ्यासाठी ठेवली होती. आणि मी ती बेसिनमध्ये थुंकलो होतो.

जितकी चांगली लागली तितका राग चढत गेला.

पेला ठेवून मी साहेबांना म्हणालो, ही बाटली याची नाही. चरोद्याच्या सुखदेव मेश्रामची आहे. काल याच खोलीत आणली होती.

साहेबांनी मधुकरकडे पाहिलं. मधुकर हसला. तो घाबरला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

"सर, वो बोतल अलग थी. वो खराब निकली, फेंक दी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वासू, तूच सांग साहेबांना. कालच्या बाटलीबद्दल काय म्हणालास? भरलेली आहे, खोटी आहे, असंच ना? पिल्लै बसले होते."

माझाच निकाल त्याने माझ्या तोंडावर ठेवला होता. साहेब खाली मान घालून हात पुसायला लागले. नलिनीवहिनींच्या हातात पोळ्यांची चळत होती, ती तशीच घेऊन त्या आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

फाटकाशी मी त्याची कॉलर धरली. तो शांतपणे म्हणाला, "अबे, तुला आवडली नव्हती. माझं प्रमोशन तीन वर्षं अडलंय. साहेबांना एवढी एकच गोष्ट आवडते. एक बाटली गेली, तर सुखदेवला काय फरक पडतो? तो पीतही नाही."

"अन् चोर म्हटलं ते?"

"ते मी कुठे म्हटलं? तू म्हटलंस."

हे खरं आहे. म्हणूनच मी त्याला मारलं नाही. बॅग उचलली आणि चालत मुख्य रस्त्यापर्यंत गेलो.

रविवार संध्याकाळ आणि सोमवार, पुन्हा चरोदा

रविवारी संध्याकाळी मी सुखदेवच्या अंगणात उभा होतो. त्याने बसायला खुर्ची दिली. शांतावहिनींनी चहा दिला. मी सगळं सांगितलं आणि हात जोडले. त्याने पेरूच्या झाडाखालची पानं पायाने बाजूला सारली.

"तू माफी मागून राहिला, ते झालं," तो म्हणाला. "माह्या मनात नाही काही. पन तू इथं मागून राहिला. म्हटलं तिथं होतं, पिल्लैसमोर. अन् यार्डात माल फोडनारा म्हनलं ना, तर मग ते पुसल्या जात नाही, वासू. इथं डब्याले हात लावाले लागते मले रोज."

सोमवारी सकाळी मी यार्ड ऑफिसात गेलो. गाडी दुपारची होती. पिल्लैंच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि सात-आठ कारकुनांच्या देखत मोठ्याने सांगितलं की शनिवारी मी चुकलो, बाटलीतला माल अस्सल होता, सुखदेव मेश्रामने त्यात काही केलेलं नाही. धंद्यात मी आजवर दिलेला निकाल फिरवलेला नाही. तो फिरवला. जीभ गेली तर जावो.

पिल्लैंनी फायलीतून डोकं वर काढलं. माणूस वाईट नाही. नियमाने चालणारा आहे. "शनिवार को आपने बोला नकली," ते म्हणाले, "आज बोलते हैं असली. आप चाय के आदमी हैं. देशकर साहब विलायत में रहे हैं, ये चीज़ जानते हैं. वो आकर बोल दें, तो मैं मान लूँगा. सबको बोल दूँगा."

मागच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं, मेश्राम साहेब आमच्यासाठीही एखादी बाटली भरून देतील का? दोघं-तिघं हसले. सुखदेव दारातच उभा होता, हातात हातोडा. तो वळला आणि रुळांकडे गेला. थोड्या वेळाने चाकांवरचे ठोके ऐकू यायला लागले, एकेक, सारख्या अंतराने. माझी गाडी सुटेपर्यंत मी ते ऐकत होतो.

नागपूर

परत येऊन तीन महिने झाले. शांतावहिनींचं पत्र आलं. सुखदेवने लिहिलं नाही, लिहिणारही नाही. सोबतचे लोक आता त्याला सीलबंद डब्याजवळ एकटं जाऊ देत नाहीत. कोणीतरी बरोबर चालतं. बोलत नाही, नुसतं चालतं. अठ्ठावीस वर्षांनंतर. त्याला निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत आणि तो म्हणतो की आताच राजीनामा देतो.

मधुकरला मी दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. त्याला वाटत असेल, वासू चिडतो आणि विसरतो. म्हणून हे छापायला दिलं आहे. भिलाईत मराठी वाचणारी घरं पुष्कळ आहेत, सेक्टरात आहेत, चरोद्यातही आहेत, आणि हा अंक त्याच्या दाराशी कोणी ना कोणी घेऊन जाईल.

मधुकर, बाटली तू पिऊन टाक. मला ती नको, सुखदेवला ती कधीच नको होती. प्रमोशन मिळालं असेल तर तेही ठेव. मी जे बोललो त्याची जबाबदारी माझी, ती मी भर ऑफिसात उभं राहून घेतली. पण तो पहिला घोट तू गिळलास तेव्हाच तुला ती काय आहे हे कळलं होतं. ते कळूनही तू त्या बुचाकडे बोट दाखवलंस आणि पिल्लैंकडे पाहून हसलास. तुझ्या सेक्टरपासून चरोदा स्कूटरने अर्ध्या तासावर आहे. पिल्लैंचं टेबल दारातून आत शिरताच उजव्या हाताला आहे. सुखदेवची सकाळची ड्यूटी असेल तेव्हा जा, म्हणजे त्यालाही ऐकू येईल. केव्हा जातोस, ते सांग.